मास्तरांचा दुसरा ब्रेक

चुकलेल्या वळणावरून गाडी परत फिरवायची, हे मास्तरांच्या शास्त्रात बसत नव्हतं. वळण चुकलं तर ती चूक वळणाची. मास्तर सरळ पुढे जात राहायचे. शेजारी बसलेली बायको हळूच म्हणायची, "अहो, ते मागे राहिलं. परत फिरवा." त्यावर मास्तरांचं ठरलेलं उत्तर असायचं, की त्यांना हाच रस्ता बघायचा होता. अशा रीतीने त्या दोघांनी संसारात गावाबाहेरच्या कितीतरी लाकडाच्या वखारी, बंद पडलेले कारखाने आणि एकदा तर कचऱ्याचा डेपोसुद्धा सविस्तर पाहून घेतला होता.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. उरलेल्या अर्ध्या गावाला शिकवायचं राहून गेलं म्हणून अपघात होतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा मास्तरांच्या. शिकणारा सिग्नलला झोकात थांबला की मोठ्या अपेक्षेने मास्तरांकडे बघायचा. मास्तर "शाब्बास" म्हणायचे आणि खाली त्यांचा बूट दुसऱ्या ब्रेकवर घट्ट रोवलेला असायचा. ही गंमत ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जेवताना सांगत. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: "त्या बिचाऱ्याला वाटतं, मीच थांबवली." ते वाक्य जवळ आलं की वहिनी रिकामी पातेली आत न्यायला उठत.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोला स्वतःला मात्र गाडी येत नव्हती. लोक हे ऐकून हसत आणि वहिनीही हसत, कारण लोकांसमोर दुसरं करणार काय. लग्न नवं होतं तेव्हा मास्तर म्हणाले, घाई काय आहे. मग मुलगी लहान होती. मग रस्त्यावर गर्दी वाढली. मग चष्मा लागला. तोही वहिनींना नव्हे, मास्तरांना. "आता मला तुझ्यावर नीट लक्ष ठेवता यायचं नाही," असं त्यांनी खेदाने सांगितलं. सगळी कारणं संपली की "अगं, मी आहे ना" हे होतंच. मास्तर होते, हे खरंच होतं. वहिनींची अडचण नेमकी तीच होती.

वहिनींना काही जग पालथं घालायचं नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची ताई राहायची. दुपारी तिच्याकडे जावं, पत्त्यांचे चार डाव टाकावेत, संध्याकाळी परत यावं, एवढीच त्यांची भूक. बस होती, पण ती बाजार, इस्पितळ, कचेऱ्या असा सगळा गाव हुंगत हुंगत जाई, आणि ताईच्या घरी पोचेपर्यंत परत निघायची वेळ होई. म्हणून मास्तर सोडायला येत. वर मात्र येत नसत. पत्ते हा रिकामटेकड्यांचा धंदा, असं म्हणून ते खाली गाडीत रिकामे बसून राहत, आणि वर डावाला रंग चढला की हॉर्न वाजवत. "आला बघ तुझा भोंगा," ताई म्हणायची. हातात हुकमाची पानं आली की हॉर्न वाजतो, हे वहिनींना कोडंच होतं. पानं पालथी ठेवून त्या उठायच्या.

पुढे मास्तरांनी शाळा पुतण्याच्या हवाली केली आणि दोन ब्रेकची एक जुनी गाडी आठवण म्हणून घरी आणली. आता ते दिवसभर घरातच असत. शिकवायची सवय जात नव्हती आणि शिकायला घरात एकच माणूस होतं. कपाटाचं दार उघडताना आधी मागे कोणी आहे का बघावं, भाजी चिरताना नजर सुरीवर नव्हे तर सुरीच्या पुढे असावी, अशी नवनवी माहिती वहिनींना मिळू लागली. देवा, या माणसाला काहीतरी उद्योग दे, असं त्या भांडी घासताना मनाशी म्हणू लागल्या.

उद्योग मिळाला तो चुकलेल्या वळणामुळेच. एका रविवारी ताईकडे जाताना मास्तरांचं वळण चुकलं. वहिनी म्हणाल्या, परत फिरवा. मास्तरांना हाच रस्ता बघायचा होता. रस्ता संपला तो एका मोकळ्या माळावर, आणि माळावर एक छोटी डांबरी धावपट्टी होती. तिच्या कडेला पाचसहा माणसं माना वर करून उभी होती आणि त्यांच्या डोक्यावरून शिट्टी मारत एक जेट विमान गेलं. खरं नव्हे. दोन हात पसरले तर पंखांच्या टोकांना बोटं लागावीत, एवढंच. पण इंजिन खरं, रॉकेल पिणारं, आणि आवाज असा की वहिनींच्या मांडीवरच्या पर्सचं बक्कल थरथरलं. जमिनीवर उभा असलेला एक माणूस दोन छोट्या दांड्या अंगठ्यांनी हलवत होता आणि आकाशातलं ते धूड त्याचं ऐकत होतं.

मास्तर गाडीतून उतरले ते परत बसेपर्यंत बदललेले होते. ही विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब होता आणि त्याचा सेक्रेटरी गावातला बेकरीवाला होता. त्याने सांगितलं, की उडवणं सोपं, उतरवणं अवघड. त्याला स्वतःलाच दोन वर्षं लागली. मास्तर दयेने हसले. बेकरीवाल्याला दोन वर्षं लागावीत यात नवल ते काय. "शेवटी चालवणं ते चालवणं," ते वाटेत वहिनींना सांगत होते. "जमिनीवर काय, हवेत काय. हात बसला पाहिजे."

"या वयात तुम्ही हे शिकणार, तर मला गाडी शिकवा की," वहिनी म्हणाल्या.

मास्तर खुशीत होते. खुशीत माणूस काय बोलेल त्याचा नेम नसतो. "मी एकट्यानं जेट उतरवलं ना, की दुसऱ्या दिवशी तू स्टीअरिंगवर. शब्द आहे माझा."

ताईकडे पोचल्यावर वहिनींनी त्यांना त्या दिवशी मुद्दाम वर नेलं आणि ताईसमोर तेच वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. ताईनेही ते नीट ऐकू आलं नाही असं सांगून तिसऱ्यांदा म्हणवून घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी वहिनी चहाचा थर्मास, घडीची खुर्ची आणि विणकाम घेऊन माळावर हजर असत. क्लबमधल्या बाकीच्यांच्या बायका घरी सुस्कारे टाकत. या एकट्याच अशा, की मास्तरांना कंटाळा आला तरी त्यांना उठवून, बूट पुढ्यात ठेवून माळावर आणत. मास्तरांचा लोकांना हेवा वाटे. नवऱ्याच्या छंदावर एवढं प्रेम! वहिनींना छंदाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ते विमान जमिनीवर हवं होतं, धडपणे, आणि ते नवऱ्याच्या हाताने.

क्लबमध्ये नवशिक्यांना शिकवायचं काम एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. बाई कमी बोलायच्या. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची म्हणजे आपलं बंद ठेवायची सवय होत असावी. पूर्वी कधीतरी त्या मास्तरांच्या शाळेत गाडी शिकायला आल्या होत्या. मास्तरांनी आठवडाभरात त्यांना सांगून टाकलं होतं, की तुमचा हात जड आहे, तुम्हाला हे जमणार नाही. मास्तरांना हे आठवत नव्हतं. ज्यांना ते "जमणार नाही" म्हणत, त्यांचे चेहरे लक्षात ठेवायचं काम त्यांनी त्या चेहऱ्यांवरच सोपवलेलं होतं. डॉक्टरांना आठवत होतं, पण त्यांनी ते वहिनींना फार पुढे सांगितलं.

सुरुवात अर्थातच जेटने झाली नाही. आधी घरी कॉम्प्युटरवर सराव करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिची खोली रिकामी होती. तिथून रोज संध्याकाळी धडाम्, धडाम् असे आवाज येऊ लागले. मास्तर बाहेर येऊन कॉम्प्युटर बिघडलाय असं सांगत. मग आलं फोमचं, हलकंसं, खेळण्यातलं वाटावं असं विमान. त्यात मेख अशी, की विमान आपल्यापासून दूर जाताना डावं ते डावं असतं, पण अंगावर येऊ लागलं की डावं उजवीकडे जातं. मास्तर म्हणाले, रस्त्यावर असं होत नाही. डॉक्टर म्हणाल्या, रस्त्यावर तुम्ही गाडीत बसलेले असता. पुढच्याच फेरीला ते विमान अंगावर आलं, मास्तरांनी डावं दाबलं आणि विमान बेकरीवाल्याने सगळ्यांसाठी आणलेल्या पावांच्या टोपलीत जाऊन बसलं. "पाव ताजे आहेत का ते बघायला गेलं," बेकरीवाला म्हणाला. मास्तरांनी वाऱ्याला दोष दिला. माळावरचं गवतसुद्धा त्या वेळी हलत नव्हतं.

पण मास्तर चिकट होते, हे वहिनींना मान्य करावं लागलं. फोमचं झालं, मग पंख्याचं झालं आणि एकदाचं जेट आलं. त्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

क्लबचा नियम असा, की नवशिक्याच्या हाती नुसतं जेट द्यायचं नाही. दोन रेडिओ असत. वहिनी त्याला रिमोट म्हणत आणि मास्तर त्यांना सुधारत. एक शिकणाऱ्याच्या हातात, दुसरा शिकवणाऱ्याच्या, आणि दोन्ही वायरीने जोडलेले. शिकवणाऱ्याच्या रेडिओवर एक खटका असे. शिकवणाऱ्याने बोटाने तो ओढून धरला, की विमान शिकणाऱ्याचं. बोट उचललं, की त्याच क्षणी विमान शिकवणाऱ्याचं. मग शिकणाऱ्याने दांड्या कितीही फिरवाव्यात, कोणी विचारत नाही. डॉक्टरांनी हे पहिल्या दिवशीच नीट समजावलं. मास्तरांनी ऐकलंही असेल, पण ते तेव्हा फोटो काढून घेत होते.

वर गेल्यावर मास्तर छान उडवत. वळणं सुबक, हात स्थिर. घोडं अडायचं ते उतरताना. विमान पट्टीच्या दिशेने खाली येऊ लागलं, की मास्तरांमधला ड्रायव्हिंगचा मास्तर जागा व्हायचा. आयुष्यभर त्यांनी एकच मंत्र जपला होता: हळू, हळू, हळू. त्यांचा अंगठा दांडी मागे ओढून इंजिनाचा गॅस बंद करायचा आणि उजवा पाय जमीन दाबायचा. दर रविवारी ते जिथे उभे राहत तिथे गवतात बुटाच्या टाचेएवढा खड्डा पडला होता. हवेत ब्रेक नसतो, हे मास्तरांच्या डोक्याला कळलं होतं. पायाला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"मास्तर, वेग आहे म्हणून ते हवेत आहे," डॉक्टर सांगत. "हळू झालं की ते थांबत नाही, पडतं. आणि या इंजिनाला मागितल्याबरोबर गॅस देता येत नाही. दाढ काढल्यावर भूल कशी सावकाश उतरते, तसं ते सावकाश जागं होतं. म्हणून जमत नाही असं वाटलं, तर वेळेत गॅस द्या, वर न्या, गोल फिरून परत या. परत फिरण्यात कमीपणा नाही."

"मला परत फिरायची वेळ येत नाही," मास्तर म्हणाले. मागे खुर्चीत वहिनींचा एक टाका सुटला.

आणि नवल म्हणजे खरंच येत नव्हती. जेट दर वेळी अलगद उतरत होतं. "पाहिलंस? लोण्यासारखं," मास्तर वळून म्हणत. डॉक्टर म्हणत, "शाब्बास, मास्तर."

एका रविवारी ऊन डोळ्यांवर येतं म्हणून वहिनींनी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला मांडली. तिथून डॉक्टरांचे हात दिसत होते. जेट वळलं, खाली आलं. मास्तरांनी गॅस बंद केला, टाच रुतली. आणि डॉक्टरांचं बोट खटक्यावरून शांतपणे उठलं. जेट जराही डगमगलं नाही. मास्तर दांड्या फिरवत होते, कपाळावर घाम होता, जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती, आणि विमान त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता डॉक्टरांच्या अंगठ्यांनी पट्टीवर टेकलं.

"शाब्बास, मास्तर," डॉक्टर म्हणाल्या.

हे शाब्बास कुठे ऐकलंय, हे वहिनींना आठवायला वेळ लागला नाही. आधी त्यांना हसू आलं. मग त्यांनी हिशेब केला. म्हणजे या माणसाने आजवर एकदाही विमान उतरवलेलं नाही. म्हणजे स्टीअरिंग होतं तिथेच आहे.

मास्तर सामान आवरत असताना त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि हे कधीपासून चाललंय ते विचारलं. पहिल्यापासून, असं उत्तर आलं. आपण सांगायला गेलो तर मास्तर वायर सैल होती म्हणतील, असंही डॉक्टर म्हणाल्या. तेव्हाच त्यांनी तो जड हाताचा जुना किस्सा सांगितला. सूड म्हणून मी बोट उचलत नाही हो वहिनी, त्या म्हणाल्या, विमान वाचावं म्हणून उचलते; थोडी मजा येते, ती वेगळी.

वहिनी आठवडाभर विचार करत राहिल्या. सांगावं, तर हा फुरंगटून छंदच सोडणार आणि शब्दही त्याच्याबरोबर जाणार. न सांगावं, तर परीक्षेच्या दिवशी हा तोंडावर आपटणार. परीक्षा म्हणजे क्लबची. वायर काढून, सगळ्यांसमोर, एकट्याने एक फेरी आणि एक उतरणं. त्याशिवाय एकट्याने जेट उडवायची परवानगी नाही. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारून पाहिलं, की एवढं लोण्यासारखं उतरतंय तर उद्या गाडी सुरू करायची का? "एकट्यानं म्हटलं होतं मी," मास्तर म्हणाले. "अजून वायर आहे ना. शब्द म्हणजे शब्द." शब्दाला जागणारी माणसं कशी असतात, ते वहिनींना त्या दिवशी समजलं.

त्या शनिवारी ताई आणि तिच्या शेजारचे दोघं घरी जेवायला आले. मास्तरांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. विमान कसं वळतं, वारा कसा आडवा येतो, आणि मग हात किती हलका लागतो. हवेत चमचा फिरवत त्यांनी तो भाताच्या ताटलीशेजारी अलगद टेकवला. पाहुणे वाहवा म्हणाले. वहिनी रिकामं पातेलं उचलत होत्या.

"त्या बिचाऱ्याला वाटतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "मीच उतरवलं."

पाहुण्यांना काही कळलं नाही. ते उगीच हसले. ताईला कळलं आणि ती हसली नाही. मास्तरांचा चमचा टेबलावरच राहिला. ते वहिनींकडे बघत होते, मग स्वतःच्या उजव्या पायाकडे, मग परत वहिनींकडे. वहिनी पातेलं घेऊन आत गेल्या आणि नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी माळावर मास्तर आकाशाकडे बघायच्या ऐवजी डॉक्टरांच्या बोटाकडे बघत राहिले. बोट उठलं. जेट उतरलं. "शाब्बास" आलं नाही, कारण डॉक्टरांनीही मास्तरांकडे पाहिलं होतं. मास्तरांनी रेडिओ खाली ठेवला आणि सामान आवरायला घेतलं. पुढच्या रविवारी त्यांची तब्येत बरी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी आभाळ होतं, म्हणजे मास्तरांच्या मते होतं. वहिनींनी दोन्ही वेळा थर्मास भरला आणि दोन्ही वेळा चहा घरीच प्यायला. छंदाबरोबर शब्दही गेला, असं त्यांनी मनाशी धरलं.

मग एका सकाळी मास्तरच बूट घालून दारात उभे. "चल," ते म्हणाले. माळावर पोचल्यावर डॉक्टरांना म्हणाले, "आजपासून बोट उचलायचं नाही. पडलं तर पडू द्या."

पडलं. पहिल्याच खेपेला पट्टीच्या अलीकडे दाणकन आदळून एक चाक बेकरीवाल्याच्या पायाशी घरंगळत गेलं. आठवडाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रं, गोंद आणि पंख मोडलेलं जेट. वहिनी कट्ट्यावर पोळ्या लाटत आणि मास्तर टेबलावर विमानाचं चाक जोडत. परत गेले. परत पडलं. मास्तरांचा अंगठा सुधारत होता, पण ऐन वेळी पाय खाली दाबला गेला की अंगठाही मागे यायचा. ती जोडी जुनी होती. पाडून पाडून मास्तर पूर्वीसारखे वाऱ्याला दोष देईनासे झाले, हे मात्र वहिनींनी टिपलं. विमान दुरुस्त होत असताना एकदा ते स्वतःशीच पुटपुटले, की इतकी वर्षं ती पोरं काय शिकली असतील कोण जाणे. कुठली पोरं, हे वहिनींनी विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ताई आली ती पर्समध्ये पत्ते घेऊनच. बेकरीवाल्याच्या गळ्यात शिट्टी होती. वायर काढली गेली. डॉक्टर मास्तरांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात मागे बांधून घेतले, सगळ्यांना दिसतील असे. जेटच्या पोटात रॉकेल मोजकंच मावतं. कपभर चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात वर जाऊन खाली यायचं.

वर सगळं झकास झालं. मग मास्तरांनी ठरल्याप्रमाणे "उतरतोय" अशी हाक दिली, लोक मागे सरले आणि जेट पट्टीच्या रेषेत आलं. चाकं बाहेर आली. वहिनींचं विणकाम मांडीवर होतं, पण त्या विमानाकडे बघत नव्हत्या. त्या मास्तरांच्या टाचेकडे बघत होत्या. टाच खड्ड्यात रुतू लागली. इंजिनाची शिट्टी बारीक झाली. जेटचं नाक वर आलं, शेपूट लोंबलं, आणि ते दमलेल्या माणसासारखं हवेत बसू लागलं. आता पडणार, हे माळावरच्या सगळ्यांना दिसलं. कोणी काही बोललं नाही, कारण परीक्षेत बोलायचं नसतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या. गाडीत म्हणायच्या तशाच, हळू आवाजात. "परत फिरवा."

लग्न झाल्यापासून हे दोन शब्द मास्तरांच्या कानांवर पडत आले होते आणि एकदाही आत गेले नव्हते. त्या दिवशी त्यांची टाच खड्ड्यातून वर आली. अंगठा पुढे गेला. इंजिन लगेच जागं झालं नाही. त्या मधल्या वेळात जेट आणखी खाली बसलं, गवताचे शेंडे हलले, ताईने डोळे मिटून घेतले. मग शिट्टी चढली आणि जेट डोक्यांवरून सणसणत वर निघून गेलं.

लोक हसले. पहिल्यांदा मोकळं झाल्यासारखं, आणि दुसऱ्यांदा मास्तर पुन्हा खाली येऊन पुन्हा वर गेले तेव्हा जरा तोंडावर हात ठेवून. त्या वेळी वहिनी काही बोलल्या नव्हत्या. तिसऱ्यांदाही मास्तर आपणहून परत फिरले. ज्या माणसाने कचऱ्याचा डेपो पाहिला पण गाडी वळवली नाही, तो आता थांबायचं नाव घेईना. "वहिनी, यांना परत फिरायची चटक लागली," बेकरीवाला म्हणाला. "रॉकेल संपलं तरी फिरतील."

शेवटच्या खेपेला जेट उतरलं. लोण्यासारखं वगैरे काही नाही. एका चाकावर टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पट्टी सोडून गवतात शिरलं आणि नाक मातीत खुपसून थांबलं. पण मोडलं नाही, आणि मास्तरांच्या दोन्ही टाचा जमिनीवर सरळ होत्या.

"याला उतरणं म्हणायचं का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"दाढ निघाली," डॉक्टर म्हणाल्या. "सुबक निघाली का, हा प्रश्न वेगळा." आणि मास्तरांकडे न बघता त्या म्हणाल्या, "हात जड नाही तुमचा. पाय जड आहे."

मास्तर घरी येताना सांगत होते, की तीनदा परत फिरणं हे त्यांचं आधीपासूनच ठरलेलं होतं. वाऱ्याचा अंदाज घ्यायचा असतो. वहिनी हो म्हणाल्या. त्यांना उद्याची सकाळ हवी होती, आजची बढाई मास्तरांना लखलाभ.

सकाळी मास्तरांना बहुतेक बॅटरी उतरली असेल असं वाटत होतं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. वहिनी स्टीअरिंगवर बसल्या, आरसा आपल्याकडे वळवून घेतला. मास्तर शेजारी. क्लच, गिअर, सगळं त्यांनी नेहमीच्या पद्धतीने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. गाडी फाटकातून अलगद निघाली आणि रस्त्याच्या तोंडाशी सुरेख थांबली.

"शाब्बास," मास्तर म्हणाले.

वहिनींनी आपल्या पायाकडे पाहिलं. तो ब्रेकवर नव्हताच. त्यांनी मास्तरांच्या पायाकडे पाहिलं.

"सवय गं," मास्तर म्हणाले. "आपोआप जातो."

वहिनींनी त्यांना आणखी एक संधी दिली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि पुन्हा सुरेख थांबली. मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. दुसरा ब्रेक काढून टाका म्हटलं असतं, तर मास्तरांनी त्याची किंमत, आठवण आणि पुतण्या असं सगळं पुढे केलं असतं. ते त्या बोललेच नाहीत.

"बूट काढा," त्या म्हणाल्या.

"बूट?"

"बूट काढा आणि पाय वर घ्या. मांडी घाला."

"अगं, लोक काय म्हणतील? मी या गावाला—"

"मला शिकवायचंय ना तुम्हाला? मग तोंडानं शिकवा."

मास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरून दूधवाला येत होता. मग त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट मांडीवर घेतले आणि सीटवर मांडी घातली. दूधवाल्याने सायकल थांबवून पाहिलं. गावाला ब्रेक मारायला शिकवणारे मास्तर, मांडी घालून, मांडीवर बूट, आणि शेजारी वहिनी स्टीअरिंगवर. "नमस्कार, मास्तर," तो म्हणाला. गाडी धक्के खात, कुंथत, पण आपल्या पायांनी निघाली.

मांडीची अट नंतरही कायम राहिली. परवाना मिळाला तरी मास्तर शेजारी बसायचा हट्ट सोडत नव्हते आणि वहिनी आपली अट सोडत नव्हत्या. ताईकडे पहिल्यांदा निघाल्या त्या दुपारी बोलण्याच्या नादात त्यांचं वळण चुकलं.

"राहू दे," मास्तर पटकन म्हणाले. "पुढूनही असेल रस्ता."

वहिनींनी गाडी कडेला घेतली, आरशात पाहिलं, मागचा ट्रक जाऊ दिला आणि परत फिरवली. त्यासाठी फार काही लागलं नाही.

ताईच्या घराखाली थांबून त्यांनी हॉर्न दिला. ताई गॅलरीत आली आणि सवयीने म्हणाली, "आला बघ भोंगा." मग तिने खाली नीट पाहिलं आणि आत पळाली, बहुधा पत्ते काढायला.

मास्तर पाय सोडायला गेले आणि तोंड वेडंवाकडं केलं. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. "जरा थांब, मी पण येतो वर," ते म्हणाले.

"बसा की, घाई काय आहे," वहिनी म्हणाल्या. किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली, आरसा होता तसाच राहू दिला आणि जिना चढायला लागल्या. त्या दिवशी चांगले सहा-सात डाव झाले. चौथ्या डावात मास्तर लंगडत वर आले, दारात उभे राहिले आणि वहिनींच्या मागून पानं बघून सांगू लागले, की हुकूम आत्ता टाकू नकोस.

वहिनींनी टाकला.